गुडघ्यावरची शाई

शेजारपाजारचे लोक तिला शाईवाली म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांची ठाम समजूत होती की ती पेनात भरायची शाई बनवते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर एकदा आपलं जुनं गळकं पेन तिच्या हातात ठेवून 'तुमच्या खात्यातलंच काम आहे' असं सांगितलं होतं. तिने ते पेन मुकाट्याने धुवून, निब बसवून परत केलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं तर तिच्या शाईने अक्षरं छापली जात नसत. तारा छापल्या जात. चांदीचे अगदी बारीक पापुद्रे एका रबरासारख्या चिकट द्रवात घोटून ती शाई तयार करी. मग बारीक जाळी ताणलेल्या चौकटीवर शाई ओतायची, पात्याने ओढायची, आणि खालच्या मऊ प्लास्टिकवर चकचकीत नागमोडी रेघ उमटायची. भट्टीत वाळली की त्या रेघेतून वीज वाहायला लागे. अशा रेघा सपाट पडून असेपर्यंत कुणाचीही शाई गुणी असते. खरी परीक्षा ती रेघ वाकवली, ताणली, पिळली की सुरू होते. बहुतेक शायांना तेव्हा उन्हातल्या चिखलासारख्या भेगा पडतात. तिच्या शाईला पडत नसत. पापुद्रे ताणले की जरा लांब सरकत, सोडले की परत जवळ येत, आणि वीज किती अडते आहे यावरून रेघ किती वाकली ते कळे.

यातूनच गुडघ्याची पट्टी निघाली. गुडघ्यावर चिकटवायची, आंघोळ केली तरी चालेल अशी, पातळ पारदर्शक पट्टी. तिच्यावर शाईची रेघ आणि टोकाला सगळीकडून बंद केलेला, शेंगदाण्याएवढा एक मणी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने व्यायाम नीट केला की नाही, जास्त तर केला नाही ना, हे त्या मण्यात साठत राही. संध्याकाळी फोन जवळ नेला की सगळं फोनमध्ये उतरे.

आता हवा होता पहिला रुग्ण, आणि तो घरातच मिळाला. तिच्या सासूबाई पडद्याच्या कड्या बदलायला स्टुलावर चढल्या आणि कड्यांसकट खाली आल्या. गुडघ्याचं छोटंसं ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले. डॉक्टरांनी सांगितलं की सकाळ-संध्याकाळ हलका व्यायाम करा, बाकी वेळ आराम, आणि नवीन काही सुरू करायचं असेल तर आधी मला विचारा. सुनेने पट्टीचा विषय काढला तेव्हा सासूबाईंनी पाय पुढे करून सांगितलं, "लाव. नाहीतरी नुसता पडून आहे, काहीतरी कामाला येऊ दे."

सासूबाई म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी मागच्या बाकांवरच्या चिठ्ठ्या मोज्यात परत जात. मान कुठल्या कोनात वळली यावरून कोण कॉपी करतंय ते त्या सांगत. स्वतः बोलायला इतक्या रोखठोक की घरी आलेल्या पाहुण्याने गाणं म्हटलं आणि सूर लागला नाही, तर 'लागला नाही' असं त्या चहा देतादेता सांगत. शाईवालीचा त्यांच्या शब्दावर घड्याळापेक्षा जास्त विश्वास होता. घड्याळ निदान मागे तरी पडतं.

पट्टी लावताना तिने सगळं समजावलं होतं. मणी दिवसभर जागा असतो, प्रत्येक हालचाल टिपतो, हेसुद्धा. पण नेमकं त्या वेळी सासूबाई रेघ गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर मध्यावरून जाते की नाही ते पट्टी धरून तपासत होत्या, आणि ती किंचित डावीकडे आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. तेवढ्या वादात मण्याची गोष्ट वाहून गेली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. फोनवर सकाळची एक ठेंगणी टेकडी, संध्याकाळची एक ठेंगणी टेकडी आणि मध्ये सपाट मैदान. शाईवाली ते चित्र प्रयोगशाळेत सगळ्यांना बाळाच्या फोटोसारखं दाखवत फिरली.

मग एके दिवशी दुपारच्या मैदानात दात उगवले. करवतीसारखे बारीक, भराभर, एकापाठोपाठ एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिने सासूबाईंना विचारलं की दुपारी काही हालचाल झाली का. सासूबाई म्हणाल्या, छे, शब्दकोडं घेऊन पडले होते. विषय संपला. सासूबाई पडल्या होत्या म्हणजे पडल्या होत्या. बिघाड शाईत होता.

प्रयोगशाळेत मणी आणि त्याच्या आतलं सगळं बनवणारा एक सहकारी होता. त्याला सगळे विजेचा विरोध मोजायच्या मापावरून ओहम म्हणत, कारण तो घरची भांडणंसुद्धा 'विरोध फार वाढला' अशा भाषेत सांगे. त्याने ते दात मोठे करून बघितले, हनुवटी खाजवली आणि म्हणाला की ही हालचाल खरी आहे. भेगा पडलेली शाई अशी शिस्तीत कुरकुरत नाही, ती वेडीवाकडी ओरडते.

"एकतर तुमची शाई खोटं बोलतेय, नाहीतर तुमच्या सासूबाई."

"मग शाईच," ती म्हणाली आणि कामाला लागली.

पुढचे काही आठवडे तिने शाईला सुखाने बसू दिलं नाही. पापुद्रे बदलले, तर शाई जाळीतून उतरेना. रबर बदललं, तर शाई इतकी प्रेमळ झाली की पात्याला, चौकटीला आणि तिच्या बोटांना चिकटून बसली, सोडायलाच तयार होईना. भट्टी जास्त तापवली, तर प्लास्टिकच आंबट तोंड केल्यासारखं आकसलं. शेवटी एक चांगली शाई जमली. पट्ट्या वाकवण्यासाठी दाराच्या बिजागरीला मोटर जोडून केलेलं एक यंत्र होतं, त्याला ते कवायत मास्तर म्हणत. मास्तरांकडे ती शाई दिवसच्या दिवस उठाबशा काढत राहिली, एकही दात दिसला नाही. शाईवालीने आनंदाने पट्टी घरी नेली, सासूबाईंच्या गुडघ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी करवत हजर.

रविवारी मात्र काही नसे. रविवारी दुपारचं मैदान एकदम सपाट.

ओहमने हे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं की तुमच्या शाईला साप्ताहिक सुट्टी असते का. तिने पट्टी स्वतःच्या गुडघ्यावर लावली आणि दिवसभर जिने चढली, उकिडवी बसली, बसच्या मागे धावली. फोनने सगळं जसंच्या तसं सांगितलं, बस चुकली हेसुद्धा जवळजवळ कळत होतं.

घरी जेवताना तिने ही सगळी रडकथा नवऱ्याला सांगितली. तो हवामान खात्यात होता, त्यामुळे आपलं कुणी खरं मानत नाही या दुःखाशी त्याची जुनी ओळख होती. भाताचा घास थांबवून तो म्हणाला की आमच्याकडे यंत्र एक सांगतं आणि माणूस दुसरं सांगतो, तेव्हा आम्ही शेवटी खिडकी उघडून बाहेर बघतो. सासूबाईंनी ताबडतोब त्याला ताटातली भाजी संपवायला सांगितलं.

एक गोष्ट तिला खटकत होती. काढलेल्या पट्ट्यांवरची रेघ मळकट, करडी पडत होती. भिंगाखाली घेतली तेव्हा चांदीवर राखेसारखा थर दिसला. चांदीला असा थर बसतो तो क्लोरिनच्या संगतीने, म्हणजे मिठाने किंवा तशाच कशाने. मीठ म्हणजे घाम. तिने प्रयोगशाळेत घाम बनवला. नकली घामाची कृती तिला ठाऊक होती, पण त्याचा वास इतका अस्सल निघाला की ओहम खिडक्या उघडून गॅलरीत जाऊन बसला. पट्ट्या त्या घामात बुडवून ठेवल्या, तर थर बसायला फारच वेळ लागला. घरच्या पट्टीएवढा थर घामाने बसवायचा, तर सासूबाईंना कोडं सोडवता सोडवता डोंगर चढावा लागला असता.

मग तिला आठवलं की सासूबाईंना स्वच्छतेचं वेड आहे. घरात जे हलत नाही ते सगळं त्या पुसतात. तिने घरी येऊन सहज विचारलं, "आई, ती पट्टी तुम्ही ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसता का हो?"

सासूबाई म्हणाल्या, "हो तर. रोज पुसते."

हे उत्तर जरा जास्तच चटकन आलं, पण शाईवालीला इतका आनंद झाला की तिच्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पावडरचं पाणी करून पट्टी पुसली. बघता बघता रेघ काळी ठिक्कर पडली. घरची पट्टी अशी नव्हती. ती हळूहळू, रोज थोडी थोडी करडी होत गेली होती. म्हणजे क्लोरिनच, पण फार पातळ केलेला. पोहण्याच्या तलावात असतो, तेवढा.

तिथपर्यंत विचार आला आणि तिच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली ती दुसरीच. तिला वाटलं, पातळ क्लोरिनला टिकणारी शाई करता आली तर काय बहार येईल. तिने चांदीच्या रेघेवर कार्बनच्या शाईची आणखी एक रेघ छापली, हुबेहूब तीच वळणं घेणारी, काळी. चांदीला जणू रेनकोट घातला. हा रेनकोट तपासायला तलावाचं खरं पाणी हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी एक झाकणाची बाटली घेऊन ती गावातल्या पोहण्याच्या तलावावर गेली. निव्वळ विज्ञानासाठी.

आत शिरताच गरम, ओला, क्लोरिनचा वास आला आणि त्याबरोबर लहान मुलांचा कल्लोळ. उथळ भागात रविवार सोडून रोज दुपारी भरणारा नवशिक्यांचा वर्ग चालला होता. सगळी मुलं कठड्याला ओळीने लटकून पाय मारत होती. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरुण मुलगी काठावरून ओरडून त्यांना सूचना देत होती. शाईवालीने वाकून बाटली भरली, तेवढ्यात शिट्टीवाली म्हणाली, "आजी, गुडघ्यातून नाही, मांडीतून पाय हलवा. सायकल चालवताय तुम्ही."

त्या ओळीच्या टोकाला निळी टोपी, मोठा चष्मा आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातलेली एक व्यक्ती लाल फळी छातीशी धरून जीव खाऊन पाणी उडवत होती. पाय वर आला की गुडघ्यावर एक नागमोडी रेघ चमके.

शाईवाली खांबाच्या मागे लपली. का लपली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. चोरी दुसऱ्याची होती आणि छाती तिची धडधडत होती. बाटलीचं झाकण हातातून निसटून घरंगळत काठापर्यंत गेलं. शिट्टीवालीने ते उचललं आणि तलावाचं पाणी बाटलीत भरून कुठे चाललात, असं विचारलं. मुलांनी माना वळवल्या. टोकाची व्यक्ती उभी राहिली, तिने चष्मा कपाळावर चढवला आणि शाळेतल्या त्या जुन्या नजरेने खांबाकडे बघितलं.

"तू इथे काय करतेस?"

तो स्वर असा होता की समोरच्याचं खरं बाहेर पडावंच. "पाण्याचा नमुना न्यायला आले होते, आई," ती म्हणाली.

वर्ग संपल्यावर दोघी कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. सासूबाईंनी केसांना टॉवेल गुंडाळला होता. आपल्याला ती पट्टी फोन जवळ आणला की मगच जागी होते असं वाटलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. शाईवालीने सांगितलं की ती दिवसभर जागी असते. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे पर्यवेक्षक पायालाच बांधला होता माझ्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं.

त्यांची नात, म्हणजे शाईवालीची मुलगी टिकली, सुट्टीत सगळ्यांबरोबर तळ्याकाठी राहायला जाणार होती. आजी आपल्याला तळ्यात पोहायला शिकवणार, असं तिने साऱ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. तिचीही चूक नव्हती. आपण लहानपणी नदी पोहून पार केली, ही गोष्ट आजीनेच तिला सांगितली होती, आणि नुसती सांगितली नव्हती, तर दर वेळी नदी थोडी रुंद केली होती.

"आणि नदी?" शाईवालीने विचारलं.

"नदी होती," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही नावेने जायचो."

शाईवालीला इतकं हसू आलं की हातातली बाटली सांडता सांडता राहिली. मग तिला रागही आला. आठवडेच्या आठवडे ती एका चांगल्या शाईच्या मागे लागली होती, घाम उकळत बसली होती, ओहमकडून टोमणे ऐकत होती, केवळ एका माणसाच्या शब्दावर तिचा विश्वास होता म्हणून. हे तिने बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी मान खाली घातली. त्यांना तसं बसलेलं तिने कधीच बघितलं नव्हतं, आणि बघून तिला मुळीच बरं वाटलं नाही.

"मला वाटलं, तू शाईवर विश्वास ठेवशील," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तीच करतेस."

"शाई मी बनवलेली आहे. ती चुकू शकते," ती म्हणाली. "तुम्ही चुकाल असं डोक्यातच आलं नाही."

त्यावर सासूबाईंनी तिच्या हातातली बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं आणि परत दिली. एवढंच. पण त्या दोघींमध्ये काहीतरी सैल झालं. परत येताना त्या बसमध्ये शेजारी बसल्या आणि अटी ठरवत आल्या. शाईवाली कुणाला काही सांगणार नाही, नवऱ्यालाही नाही. बदल्यात सासूबाई डॉक्टरांना खरं सांगतील, आणि काळ्या रेनकोटची पट्टी लावूनच तलावात उतरतील.

डॉक्टरांनी आधी कपाळावर आठ्या घातल्या. मग गुडघा दाबून, वाकवून, फिरवून बघितला आणि त्या आठ्या एकेक करून उतरल्या. बेडकासारखे पाय फाकवायचे नाहीत, ओल्या फरशीवर सांभाळून चालायचं, बाकी चालू द्या, असं त्यांनी सांगितलं. जाताना तलाव कुठे आहे ते विचारून घेतलं. त्यांचाही गुडघा दुखत होता.

नवी पट्टी पाण्यात काळी होती तशीच राहिली. दुपारची करवत आता रोज स्वच्छ उमटू लागली, आणि शाईवाली ती वाचायला शिकली. सुरुवातीला दात वेडेवाकडे आणि उंच होते. पुढे पुढे ते बुटके आणि सारखे होत गेले. सासूबाई गुडघ्यातून नाही, मांडीतून पाय मारायला लागल्या होत्या. संध्याकाळी दार लोटून दोघी फोनवर डोकं घालून बसत. सासूबाई दातांवर मार्क देत, आणि स्वतःला काठावर पास करत. बाहेर नवरा टिकलीला सांगे की आईचं आणि आजीचं ऑफिसचं काम चाललंय.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी पाण्यातली ही नोंद पाहिली आणि आनंदाने खुर्चीतून उठलेच. तलावाच्या पाण्यात टिकणारी पट्टी करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. आता पुढच्या सगळ्या पट्ट्यांवर चांदीला कार्बनचा कोट चढवायचं ठरलं. ही कल्पना कशी सुचली असं त्यांनी विचारलं. शाईवाली म्हणाली की रुग्ण जरा उत्साही निघाला.

ओहमला तिने स्वतः जाऊन सांगितलं, शाई खरं बोलत होती. वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिने सांगितला नाही आणि त्याने विचारला नाही. त्या दिवशी त्याने तिच्यासाठी कॉफी आणली आणि महिनाभर एकही टोमणा मारला नाही, हा त्याच्या परीने मोठाच सत्कार होता.

सुट्टीत सगळे तळ्यावर गेले. पाणी गार होतं, तळ दिसत नव्हता, आणि धरायला कठडा नव्हता. सासूबाई काठावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून शाईवाली दोन पावलं पुढे सरकली. तळ्यात थोड्या अंतरावर फळ्यांचा एक तराफा नांगरून ठेवला होता. टिकली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दोन अनोळखी मुलांना सांगत होती की आता बघा. नवऱ्याने आभाळाकडे बघून हवामान खात्याच्या वतीने पाऊस येणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा त्या मुलांची आई छत्री शोधायला लागली.

सासूबाई पाण्यात शिरल्या. खांद्यापर्यंत पाणी आलं तशा थांबल्या, एक मोठा श्वास घेतला, आणि निघाल्या. त्यात डौल मुळीच नव्हता. डोकं फार वर होतं, हात घाईत होते, मध्ये एकदा दिशाही चुकली. पण पाय मांडीतून, न थांबता, एका लयीत चालले होते. शाईवालीला फोनची गरज नव्हती. तराफ्याची कड हाताला लागली तशा सासूबाई तिला दोन्ही हातांनी लटकल्या आणि काठाकडे वळून बघायलाच विसरल्या. नुसत्या लटकून धापा टाकत हसत राहिल्या. टिकली टाळ्या वाजवत होती. नवरा म्हणाला की आई काय सुंदर पोहते, आणि बायकोला कोपर मारून विचारलं, तू का रडतेस? तिने सांगितलं की पाणी उडालं.

परत येताना सासूबाई जास्त शांतपणे आल्या. टिकलीला त्यांनी पाण्यावर आडवं धरलं आणि पाय मारायला लावले. टिकली अर्ध्या तासात त्यांच्यापेक्षा बरी पोहायला लागली, आणि हे त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं.

संध्याकाळी ऊन उतरलं, टिकली वाळूत खड्डा खणायला बसली आणि नवरा खुर्चीत झोपला. सासूबाई पुन्हा पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली. ती म्हणाली की मला पोहता येत नाही. ते ठाऊक आहे, म्हणूनच बोलावते, असं उत्तर आलं. ती पँटच्या कडा वर दुमडत पुढे गेली आणि मग दुमडण्यात काही अर्थ उरला नाही. पाणी खरंच गार होतं. सासूबाईंनी तिच्या पोटाखाली हात धरला आणि म्हणाल्या, "आडवी हो. मी सोडणार नाही."

ती आडवी झाली, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. वरून शाळेतला आवाज ऐकू येत होता, मान सरळ ठेव, घाई करू नकोस, बोटं जुळव. ती पाय मारत राहिली.